गीझर लावला की दिवे कमी-जास्त होतात: बल्ब बदलण्याआधी न्यूट्रल तपासा

तुमच्या घराला थ्री-फेज मीटर आहे. गीझर लावला की हॉलचे दिवे मंद होऊन थरथरतात, त्याच वेळी बेडरूमचा पंखा जोरात फिरू लागतो, आणि एलईडी बल्ब बदलूनही फरक पडला नाही, असं तुम्ही लिहिलंय. यातली सगळ्यात महत्त्वाची खूण पंख्याची आहे. एका खोलीत व्होल्टेज पडतं आणि त्याच क्षणी दुसरीकडे वाढतं, तेव्हा मुख्य न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) सैल झालेला असतो किंवा तुटायच्या बेतात असतो. पुढचं नंतर वाचा. आधी मेन स्विच बंद करा आणि टीव्ही, फ्रिज, वायफायचा राउटर यांच्या पिना काढून ठेवा.

थ्री-फेजमध्ये घरात तीन जिवंत वायर म्हणजे फेज येतात. प्रत्येक फेज आणि न्यूट्रल यांच्यात 230 व्होल्ट असतात, दोन फेजमध्ये सुमारे 400. न्यूट्रल घट्ट असेपर्यंत प्रत्येक खोलीला आपापले 230 मिळतात. तो सुटला की दोन फेजवरची उपकरणं एकमेकांशी सिरीजमध्ये (एकामागोमाग एक) येतात आणि ते 400 व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात: ज्या फेजवर लोड जास्त तिला कमी, जिच्यावर लोड कमी तिला जास्त. एकीकडे 2000 वॅटचा गीझर आणि दुसरीकडे टीव्ही व दोन दिवे असतील, तर टीव्हीच्या वाट्याला 300 व्होल्टच्या वर जाऊ शकतात. एमसीबी (आपोआप पडणारा स्विच) यात वाचवत नाही, कारण तो जास्त करंटवर पडतो, जास्त व्होल्टेजवर नाही. 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की पडणारा स्विच) हाही गप्प राहतो, कारण करंट जमिनीत गळत नाही. दिव्यांवरही विसंबू नका. चांगल्या एलईडीतला ड्रायव्हर (आतलं सर्किट) व्होल्टेजचा फरक झाकून टाकतो, म्हणून पंख्याचा वेग पाहणं जास्त खात्रीचं.

खात्री करायची तर मल्टिमीटर एसी 600 किंवा 750 व्होल्टच्या रेंजवर ठेवा, मेन चालू करा आणि गीझर बंद असताना हॉल व बेडरूम दोन्हीकडच्या सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल मोजा. मग अर्धा मिनिट गीझर लावून पुन्हा मोजा. 2000 वॅटचा गीझर 8.7 अँपिअर घेतो. डीबीपासून (एमसीबी बसवलेल्या पेटीपासून) 20 मीटरवर 2.5 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर असेल, तर जाऊन-येऊन 40 मीटरला रोध साधारण 0.3 ओहम, म्हणजे गीझरच्या सॉकेटवर व्होल्टेज अडीच-तीन व्होल्टनेच पडायला हवं. 10-15 व्होल्ट पडत असेल तर कुठेतरी जोड खराब आहे. आणि बेडरूमचं रीडिंग तेवढ्याच वेळात 15-20 ने चढलं, तर दोष न्यूट्रलचाच. लगेच मेन बंद करा.

दोष सापडायच्या जागा ठरलेल्या आहेत. डीबीतली न्यूट्रलची पितळी पट्टी, मेन स्विच आणि आरसीसीबीचं न्यूट्रल टर्मिनल, मीटरमधून बाहेर येणारी वायर, आणि मीटरच्या पलीकडे, खांबाच्या बाजूला, कटआउट (मीटरआधीचा फ्यूज), सर्व्हिस वायर (खांबावरून घरात येणारी), खांबावरचा जोड. मीटरनंतरचं काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्या. मीटरचं सील कोणीही तोडू नये. शेजाऱ्यांकडेही असंच होत असेल, तर बिघाड खांबावर किंवा डीपीवर (ट्रान्सफॉर्मरपाशी) आहे. महावितरणचे ग्राहक असाल तर 1912 वर तक्रार देताना नुसतं 'लाइट कमी-जास्त होते' म्हणू नका. 'न्यूट्रल सैल आहे, व्होल्टेज वाढतंय' असं स्पष्ट सांगा. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत अॅल्युमिनियमच्या सर्व्हिस वायरला तांब्याची वायर पुष्कळदा नुसती पिळून जोडलेली असते, आणि पावसाळ्यात तोच जोड आधी गंजतो. तिथे बायमेटल लग (दोन्ही धातूंना चालणारं टोक) किंवा योग्य कनेक्टरच हवा.

स्क्रू नुसता आवळून भागत नाही. सैल जोडाचा रोध अर्धा ओहम जरी झाला, तरी 8.7 अँपिअरला तिथे सुमारे 38 वॅट उष्णता तयार होते, म्हणजे 25 वॅटच्या सोल्डरिंग आयर्नपेक्षा जास्त. काळवंडलेलं टोक कापून, चकचकीत तांबं दिसेपर्यंत इन्सुलेशन सोलून, लग क्रिंप करून (दाबून बसवून) मगच घट्ट करायचं. जळलेलं टर्मिनल घासून वापरू नका, बदला. काही वायरमन तात्पुरता उपाय म्हणून अर्थिंगची वायरच न्यूट्रलच्या जागी लावतात. ते ठाम नाकारा. गीझर आणि वॉशिंग मशीनच्या बॉडीत करंट उतरू शकतो.

एक धोका वायरमनही विसरतात. घरात इन्व्हर्टर असेल तर मेन बंद केल्यावरही दिव्यांच्या सर्किटमध्ये 230 व्होल्ट असतात. बोर्ड उघडण्याआधी इन्व्हर्टर बंद करा आणि त्याची पिनही काढा. टेस्टरवरही भिस्त नको. न्यूट्रल तुटलेला असताना एखाद्या दिव्याचं बटण चालू राहिलं, तर सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो.

ज्यांच्याकडे एकच दिवा लुकलुकतो त्यांचं काम सोपं आहे. बल्ब दुसऱ्या खोलीतल्या होल्डरमध्ये लावून बघा. तिथेही लुकलुकला तर बल्ब गेला. लावल्यावर थोड्या वेळाने विझतो, थंड झाला की परत लागतो, हे आत सिरीजमध्ये असलेल्या एखाद्या चिपचा जोड तापल्यावर सुटण्याचं लक्षण. दुसरीकडे नीट चालला, तर जुना होल्डर बघा. स्प्रिंगच्या पिना ढिल्या किंवा काळ्या झालेल्या असतात. होल्डरही ठीक निघाला तर बोर्डातला स्विच.

बटण बंद असताना एलईडी दर काही सेकंदांनी लुकलुकत असेल, तर स्विच न्यूट्रलवर लागलाय का ते आधी बघा. तो फेजवर घ्या. स्विच फेजवरच असेल आणि त्यात इंडिकेटर असेल, तर त्यातून झिरपणारा करंट ड्रायव्हरचा कपॅसिटर भरत राहतो. साधा, बिनइंडिकेटरचा स्विच लावला की ते थांबतं.