मातीतल्या बॅक्टेरियाची जनुकं बदलून झाडाचा रोग थांबवता येतो का? गोव्यात वांग्याच्या मर रोगावर असं काही मिळेल का?

हो थांबवता येतो, पण वांग्याच्या मरीवर असं काही दुकानात मिळणार नाही. मायक्रोबायोलॉजीत शिकवतात ते क्लासिक उदाहरण ऑस्ट्रेलियाचं, तिथे के८४ हा बॅक्टेरिया बदाम-पीचच्या मुळांवरच्या गाठींचा रोग रोखायचा, पण भीती अशी की त्याचं प्लास्मिड (एका बॅक्टेरियातून दुसऱ्यात जाऊ शकणारं डीएनएचं छोटं कडं) रोगाच्या जंतूत गेलं तर तोच जंतू के८४ ला दाद देणार नाही, म्हणून ट्रान्सफरचा भागच कापून के१०२६ बनवला. नवीन जनुक घातलंच नाही, नुसतं काढलं, हे मला भारी वाटतं. पण तोसुद्धा लावणीआधीच वापरायचा, गाठी आल्यावर उपयोग शून्य. गोव्यातल्या ताळगावच्या वांग्यांची मर राल्स्टोनिया या मातीतल्या बॅक्टेरियामुळे असेल तर तिथे हा चालत नाही. आपल्याकडे मिळणारं स्युडोमोनास (रोग रोखायला वापरतात तो बॅक्टेरिया) वगैरे नैसर्गिकच असतं, जीएम म्हणजे जनुकं बदललेले बॅक्टेरिया सोडायला केंद्राची परवानगी लागते.