ईबिल्डमध्ये क्रॉस-कम्पाइल ओळखताना

जेंटू लिनक्सचे ईबिल्ड (पॅकेज कसं बनवायचं ते सांगणारी स्क्रिप्ट) नव्याने लिहायला घेतलंयस, तर आधीच सांगतो: क्रॉस-कम्पाइल (एका मशीनवर दुसऱ्या प्रकारच्या मशीनसाठी बिल्ड करणं) ओळखायला 'युनेम' कमांड चालवू नकोस, तो फक्त चालू मशीनबद्दल सांगतो. नुसतं 'आर्च' (प्रोसेसरचा प्रकार) बघूनही भागत नाही. ग्लिबसीच्या मशीनवर मसलसाठी (या दोन वेगळ्या सी लायब्ररी) बिल्ड करताना दोन्हीकडे एएमडी६४च असतं.

खरी तुलना सीबिल्ड (बिल्ड जिथे होतं ते मशीन) आणि सीहोस्ट (पॅकेज जिथे चालणार ते मशीन) यांची. पण तीही स्वतः लिहू नकोस. सीबिल्ड कधीकधी रिकामं असतं, मग साध्या बिल्डलाही तुझी स्क्रिप्ट क्रॉस समजून बसते. टूलचेन-फंक्स ईक्लास (ईबिल्डांना वापरायला तयार फंक्शन्सचा संच) इनहेरिट कर आणि त्यातलं 'टीसी-इज-क्रॉस-कम्पायलर' वापर. सीबिल्ड रिकामं असेल तर ते सीहोस्टच धरतं. सीटार्गेटच्या (बनणारा कम्पायलर ज्या मशीनसाठी कोड काढेल ते) वाटेला जाऊ नकोस, ते जीसीसी, बिनयुटिल्ससारख्या कम्पायलर-टूल्सच्या पॅकेजांचं काम.

आता मुख्य गोष्ट. पॅकेज स्वतःच बनवलेला जनरेटर (बिल्डसाठी लागणाऱ्या फाइल्स तयार करणारा प्रोग्राम) मधेच चालवत असेल, तर रास्पबेरी पायसाठी बनलेली बायनरी तुझ्या इंटेलवर चालणारच नाही, 'एक्झेक फॉरमॅट एरर' येईल. तो जनरेटर 'टीसी-गेटबिल्ड_सीसी'ने मिळणाऱ्या कम्पायलरने बनव. बिल्डच्या वेळी चालणारी बाहेरची टूल्स बीडिपेंड या यादीत टाक; ईएपीआय (ईबिल्डच्या नियमांची आवृत्ती) ७ पासून ती सोय आहे. हे नीट केलंस तर बऱ्याचदा क्रॉसची अट लिहावीच लागत नाही, आणि मला तेच ईबिल्ड जास्त आवडतं.