ग्रामपंचायतीच्या नव्या मेंबरला, संविधान दिनाआधी

भाऊ, २६ नोव्हेंबरला नुसती उद्देशिका वाचून खाली बसू नको, ते तर शाळेतली पोरंही करतात. कलम १४ अन् १५ शेजारी ठेवून वाच. १४ मध्ये ‘व्यक्ती’ आहे, १५ मध्ये ‘नागरिक’. म्हणून १४ परदेशी माणसालाही लागू. त्यातलं ‘कायद्यापुढे समानता’ इंग्लंडकडचं, ‘कायद्याचे समान संरक्षण’ अमेरिकेच्या १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीतलं, गुलामगिरी संपल्यावर केलेल्या. आकडा दोन्हीकडे १४, हा निव्वळ योगायोग, कोणीतरी विचारतंच.

आपल्या कामाचं मात्र १५(२). सरकारी पैशातून पूर्ण किंवा थोड्याफार राखलेल्या विहिरी, तळी, घाट, रस्ते यांवर जातीवरून कोणालाही अडवता येत नाही, अन् हे बंधन गावातल्या माणसांवरही आहे, फक्त सरकारवर नाही. महाडचा सत्याग्रह १९२७ चा, हे कलम १९५० चं.

तेव्हा नळयोजनेच्या ठरावात ‘अमुक वस्तीला पुढच्या टप्प्यात’ दिसलं, तर सही करण्याआधी कारण प्रोसिडिंग बुकात लिहून माग. वेगळं वागवायला कायदा मनाई करत नाही, पण कारण रास्त लागतं अन् ते कामाच्या उद्दिष्टाशी जुळावं लागतं. ‘आधीपासून असंच आहे बाप्पा’ हे कारण नव्हे.