आधी दाराचं माप घे

कोल्हापूर

लेका,

तुझी चित्रं बघितली. मालिकेसाठी खऱ्या मापाचं अंतराळयान करायचं काम मिळालं, बरं वाटलं. पण सगळ्या कागदांत माणूस एकसुद्धा दिसला नाही. आधी एक माणूस काढ आणि त्याला यानाच्या दारात उभा कर. त्याचा गुडघा, कोपर, पायरीवरचं पाऊल, इथून माप धर. नाहीतर बारा फुटी यानसुद्धा पडद्यावर खेळणं दिसतं.

१९६६ साली ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन मालिकेसाठी गॅलिलिओ नावाचं छोटं यान पुऱ्या आकारात केलं होतं. लांबी जेमतेम २२ फूट. आत नटांना ताठ उभं राहता येत नव्हतं, म्हणून आतला सेट वेगळाच, मोठा बांधला. तेव्हा दिग्दर्शकाला पहिल्याच दिवशी विचार, दार उघडून आतलं दाखवणार का? नाही म्हणाला, तर आत एक रुपया घालू नकोस. आणि प्लायच्या कडा रंगाशिवाय सोडू नकोस. ते गॅलिलिओ पुढं वर्षानुवर्षं उघड्यावर पडून कुजलं. २०१३ मध्ये दुरुस्त होऊन ह्यूस्टनच्या अंतराळ केंद्रात गेलं, पण आपल्या यानाला असं नशीब कोण देणार?

माझी फजिती सांगतो. माझी पहिली कॅप्सूल, म्हणजे यानाचा पृथ्वीवर परतणारा शंकूसारखा भाग, तळाला साडेआठ फूट झाली आणि शेडचं शटर होतं आठ फुटी. सकाळी टेम्पो दारात उभा, आम्ही आत डोकं धरून. शेवटी शटरशेजारची भिंत फोडली, मालकानं अनामत ठेवून घेतली. तेव्हापासून चौकोनी पाइपचा सांगाडा चार तुकड्यांत, नट-बोल्टवर करतो आणि जोड पत्र्याच्या रेघेत लपवतो.

थर्माकोलवर थेट पॉलिस्टर रेझिन ओतू नकोस, डोळ्यांदेखत विरघळतो. आधी कागद आणि फेव्हिकॉलचे थर दे, ते खणखणीत वाळू दे, मग फायबरची मॅट. उन्हाळ्यात हार्डनर कमी घाल, नाहीतर डबा हातातच तापून घट्ट होतो. आणि कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात ते) न् हार्डनर एकमेकांत कधीच थेट मिसळायचं नाही, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये नीट ढवळायचं, हार्डनर शेवटी. हे काम करताना विडीवाल्याला बाहेर काढ, तो मी असलो तरी.

रंगाचं बोलायचं तर, जळल्याचे काळे फराटे तू टोकाकडून खाली ओढलेस. कॅप्सूल परत येते ती बुडाकडून. रुंद तळ पुढं असतो, झळ त्याला लागते. फराटे तळाकडून वर, टोकाकडं जायला हवेत. रशियाचं सोयुझ यान उतरल्याचे फोटो बघ. तळाच्या कडेला सगळ्यात काळं ठेव, वर जाताना विरळ कर. स्प्रे नको, सुक्या ब्रशनं लाव आणि चिंधीनं पुस.

साधनं नाहीत असं म्हणू नकोस. नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या बाबूराव पेंटरांनी याच गावात स्वतःचा कॅमेरा घडवला होता. तुझ्या दाराशी तर कारखान्यांचं अख्खं उद्यमनगर आहे. पंपाचं जुनं आवरण, घासलेला गिअर, फौंड्रीतला टाकून दिलेला लाकडी पॅटर्न (ओतकामाचा नमुना), असलं काही यानाच्या अंगावर बसवलं की कॅमेऱ्याला ते यंत्र वाटतं. नुसती बटणं चिकटवू नकोस. ज्या झडपेला हात लागणार, तिथला रंग थोडा झिजव.

रविवारी भंगारवाल्यांकडं चक्कर मारू. टेप माझ्याकडं आहे. तू तुझ्या शेडच्या दाराचं माप तेवढं लिहून आण.

तुझा काका