भरपाईतून घराचं कर्ज फेडून टाकू का?

तुम्ही लिहिलंय की रसायनांच्या कारखान्यातलं एक युनिट बंद होतंय आणि कंट्रोल रूममधल्या तुमच्यासह बऱ्याच जणांना कमी केलं जातंय. कर वजा जाता 18 पगारांइतकी एकरकमी भरपाई हातात येईल. घराच्या कर्जाची 9 टक्के व्याजाने 6 वर्षं उरली आहेत, ते एकदाच फेडून मोकळं व्हावं का?

माझं उत्तर: आत्ता नको.

तुमचा हप्ता पगाराच्या 30 टक्के, बाकी घरखर्च 50 टक्के आणि घरात दुसरी कमाई नाही. 72 हप्ते उरलेल्या या कर्जाची आजची शिल्लक साधारण साडेपंचावन्न हप्त्यांइतकी भरते (बाकीचे हप्ते म्हणजे पुढचं व्याज), म्हणजे साडेसोळा पगारांहून थोडी जास्त. ती भरलीत तर दीड पगारही उरत नाही. त्यावर घर तीन महिनेसुद्धा चालणार नाही. कर्ज राहू दिलंत तर हप्ते भरूनही 22 महिने निघतात. त्यासाठी पहिल्या वर्षी पावणेपाच हप्त्यांइतकं व्याज जाईल, आणि ठेवीच्या व्याजातून त्यातलं काही परत येईल. एवढी किंमत मी तुमच्या जागी बिनदिक्कत मोजली असती. बेकार माणसाला नवं कर्ज मिळणं फार अवघड असतं, आणि कर्जात भरलेला पैसा अडीअडचणीला सहजी परत मिळत नाही.

नोकरी पटकन मिळेल असंही धरू नका. मागणी पडते किंवा कच्चा माल महागतो तेव्हा त्याची झळ एकाच कारखान्याला बसत नाही. शेजारचे कारखानेही भरती थांबवतात. मिळालेल्या नोकरीत रात्रपाळीचा भत्ता आणि ओव्हरटाइम असेलच असं नाही, म्हणून पुढचं गणित मूळ पगारावर मांडा.

वर्षभराचा खर्च आणि हप्ते, म्हणजे सुमारे दहा पगार, बचत खात्यात आणि टप्प्याटप्प्याने मुदत संपणाऱ्या छोट्या ठेवींत ठेवा. उरलेलेही सुरक्षितच ठेवा, शेअरमध्ये नको. कंपनीचा गट आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो. शेवटच्या दिवसाआधी स्वतःची पॉलिसी घ्या. रसायनांशी रोजचा संबंध असलेल्या माणसाने हे टाळूच नये. वैद्यकीय तपासणीचे अहवाल, सुरक्षा प्रशिक्षणाचे दाखले आणि अनुभवाचं पत्रही तेव्हाच मागून घ्या. औषधनिर्मिती किंवा जलशुद्धीकरणात अर्ज करताना तेच कामी येतील.

नव्या जागी कायम झालात की शिल्लक रकमेतून मुद्दल कमी करा. त्याआधी बँकेकडून मुदतपूर्व परतफेडीचं शुल्क लेखी विचारून ठेवा.