बोट बंद पडली तर सिडनीत कोण येतं?

प्रश्न : आमचा धाकटा सिडनीला असतो. मागच्या महिन्यात त्याने मित्राबरोबर अर्धे-अर्धे पैसे घालून छोटी मोटरबोट घेतली, रविवारी गळ टाकायला जातात. माझं माहेर-सासर दोन्ही समुद्राकाठचं, त्यामुळे समुद्र मला नवा नाही आणि म्हणूनच धास्ती वाटते. बोट बंद पडली तर काय करशील विचारलं तर म्हणतो, "आई, इथे व्हॉलंटियर येतात सोडवायला." फुकट काम करणारी माणसं अपरात्री उठून येतात का हो? की सरकारी आहे हे? आणि बीचवर लाल-पिवळ्या टोप्या घालून असतात तेच का हे लोक?
— एक आई, रत्नागिरी

उत्तर : ताई, येतात. शेवटचा प्रश्न आधी घेते. लाल-पिवळ्या टोप्यावाले वेगळे, ते सर्फ लाइफ सेव्हिंगवाले, बीचवर पोहणाऱ्यांवर लक्ष ठेवतात, सिडनीतल्या बाँडाय बीचवरचा त्यांचा क्लब तर 1907 चा आहे. तुमच्या मुलाने सांगितले ते मरीन रेस्क्यू न्यू साउथ वेल्सवाले, म्हणजे सिडनी ज्या राज्यात आहे फक्त त्या एका राज्याची संस्था, काम बोटवाल्यांचं. शेजारच्या क्वीन्सलँड राज्याच्या सीमेपासून खाली दक्षिणेला ईडनपर्यंतचा किनारा आणि आत डोंगरातलं जिंडाबाइनचं तळंसुद्धा त्यांच्याकडे.

आता ही संस्था झाली कशी ते ऐका, मला त्यातच जास्त मजा वाटली. नाव नवं आहे, 2009 चं, पण माणसं जुनीच. त्याआधी त्याच किनाऱ्यावर तीन-तीन व्हॉलंटियर संस्था होत्या. सगळ्यात जुनी व्हॉलंटियर कोस्टल पेट्रोल, 1937 ची, पुढे तिला नावात 'रॉयल' लावायची परवानगी मिळाली. दुसरी व्हॉलंटियर कोस्ट गार्ड, 1961 ची, नावात कोस्ट गार्ड असलं तरी सरकारशी संबंध नाही. आणि तिसरी व्हॉलंटियर रेस्क्यू असोसिएशन, जी मुळात जमिनीवरच्या अपघातांत मदत करणारी, तिच्या काही तुकड्यांकडे बोटी होत्या. तिघांचे युनिफॉर्म वेगळे, ट्रेनिंग वेगळं, वर्गणीच्या पेट्या वेगळ्या. आता तुम्हीच सांगा, एका गावात तीन गणेश मंडळं असली की काय होतं, तेच की. आणि ज्याची बोट बुडतेय त्याला काय करायचंय कुणाचा शर्ट कुठल्या रंगाचा ते, त्याला रेडिओवर एक आवाज ऐकू यायला हवा.

म्हणून राज्य सरकारच्या पुढाकाराने न्यू साउथ वेल्समधल्या या तिघांच्या तुकड्या एकत्र आणल्या आणि 2010 पासून एकाच नावाने, एकाच युनिफॉर्ममध्ये काम सुरू झालं. लिहायला हे एक वाक्य आहे पण चाळीस-पन्नास वर्षं ज्या बिल्ल्याखाली काम केलं तो काढून ठेवणं म्हाताऱ्या मेंबरांना काय सोपं गेलं असेल? (आपल्याकडे दोन वाचनालयं एक करून बघा.) आता क्वीन्सलँडमध्येही तसंच चाललंय, तिथे 2024 पासून जुन्या संस्था मरीन रेस्क्यू क्वीन्सलँडमध्ये आणतायत.

आज यांचे सुमारे 3 हजार व्हॉलंटियर आहेत. पगार नाही. पण सगळं देणग्यांवर चालत नाही हां, राज्यातल्या प्रत्येक बोटीच्या रजिस्ट्रेशनमधून आणि बोट लायसन्समधून थोडा वाटा त्यांना जातो, म्हणजे तुमच्या मुलानेही पैसे भरलेतच. आणि शोधमोहिमेचा ताबा पोलिसांच्या मरीन विभागाकडे असतो, हे त्यांच्या हाताखाली बोटी घेऊन निघतात. म्हणजे पूर्ण सरकारीही नाही आणि पूर्ण खाजगीही नाही, मधलंच काहीतरी.

अपरात्रीचं म्हणाल तर मरीन रेस्क्यूच्या मोठ्या ठाण्यांवर रेडिओ चोवीस तास ऐकतात, छोटी ठाणी दिवसा उघडी असतात, नंतर त्यांचं काम शेजारचं मोठं ठाणं बघतं. आणि बहुतेक कॉल वादळाचे वगैरे नसतातच हो, इंजिन बंद, बॅटरी उतरली, पेट्रोल संपलं, मग दोर बांधून ओढत आणायचं. सिनेमात दाखवतात तसं काही नाही. निम्मं काम तर बोटीवर नाहीच, ते खोलीत बसून कान देण्याचं आहे.

म्हणून मुलाला एकच विचारा, निघताना 'लॉग ऑन' करतो का? बोटीवरच्या व्हीएचएफ रेडिओच्या चॅनेल 16 वर नाहीतर त्यांच्या ॲपवर सांगायचं की बोट कुठली, माणसं किती, कुठे चाललोय, किती वाजता येणार. परत आलं की 'लॉग ऑफ'. ठरल्या वेळेला आला नाही की ते आपणहून शोधायला लागतात, आधी फोन, मग बोट. पण लॉग ऑफ करायला विसरायचं नाही, नाहीतर हा घरी मासे तळत बसायचा आणि तिकडे रेडिओवर याच्या नावाचा पुकारा. दोन सागरी मैलांच्या पुढे जाणार असेल तर ईपर्ब, म्हणजे संकटात सॅटेलाइटला सिग्नल देणारं यंत्र, तिथे कायद्यानेच लागतं. आणि नरूमा, बॅलिना असल्या ठिकाणी नदीच्या तोंडाशी साचलेल्या वाळूवरून बोट काढायची असते, लाटा तिथे अचानक फुटतात, तुम्हाला खाडीच्या तोंडाचं सांगायला नको. ते ओलांडताना बोटीतल्या प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट पाहिजेच.

प्रश्न : याच पत्रात शेवटी विचारते, आपल्या कोकणात असं काही का नाही?

उत्तर : अगदीच नाही असं नाही. तटरक्षक दलाचा 1554 नंबर आहे, फुकट लागतो, तो घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असू दे. सागर रक्षक दलात गावातली माणसं असतात पण त्यांचं मुख्य काम पोलिसांना खबर देण्याचं, संशयास्पद बोट दिसली तर. आणि खरं बघाल तर होडी वेळेवर आली नाही की आपल्याकडे पहिल्यांदा निघतात त्या शेजारच्यांच्याच होड्या, स्वतःचं डिझेल जाळून, कुणी न सांगता. फक्त कुठली होडी कधी गेली नि कधी यायची होती, हे लिहून ठेवणारं कुणी नसतं. बायकांच्याच लक्षात असतं ते. तुमच्याही असेल.