मधली जागा सोडू नकोस

प्रिय पोरी,

रात्री पावणेएकला आलेला तुझा मेसेज सकाळी वाचला. (त्या वेळी तू झोपलेली असायला हवी होतीस, त्यावर वेगळं बोलू.) कोच म्हणतात पायात वेग आहे, मैदानाच्या कडेला, विंगला ये. तू म्हणतेस, फुटबॉलमध्ये मधे खेळून कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. आणि शेवटी विचारतेस, "ताई, मिडफिल्ड सोडू का?"

नको सोडूस. उत्तर एवढंच आहे. पण एवढ्यावर तू ऐकणार नाहीस. तुझ्या वयात मीही ऐकलं नव्हतं, म्हणून लिहायला बसले.

तू निवड समितीला पाठवलेला दीड मिनिटाचा व्हिडिओ पाहिला. दोन गोल, लांबून मारलेला एक फटका आणि मागे ढोल-ताशा. तुझं खरं काम त्यात कुठाय? सेमीफायनलला उजवीकडून थ्रो आला, तेव्हा तुझी पाठ गोलकडे होती. बॉल यायच्या आधी तू एकदा डाव्या खांद्यावरून मागे बघितलंस, एकदा उजव्या, आणि पहिल्याच टचला डावी बॅक मोकळी केलीस. तीन पोरी तुझ्यावर धावून येत होत्या, तिघींची धाव फुकट गेली. तिथून चौथ्या पासवर गोल झाला. मी टचलाइनवर होते आणि माझ्या तोंडून शिट्टी गेली. तो तुकडा तू कापून टाकलास!

तुला ब्राझीलची गोल मारणारी मार्ता माहीत आहे, तिच्याच संघात मधे खेळणारी फोर्मिगा माहीत नाही. यातच सगळं आलं. तिचं खरं नाव मिराइल्देस मासिएल मोता, ब्राझीलच्या बाहिया राज्यातल्या साल्वादोरची. जन्म १९७८चा. ब्राझीलमध्ये बायकांनी फुटबॉल खेळायला १९४१पासून कायद्यानेच बंदी होती आणि ती उठली १९७९ला, म्हणजे ही पोरगी जन्मली तेव्हा तिचा खेळ बेकायदा होता. तुझ्या मावशीने 'पाय काळे पडतील' म्हटलं म्हणून तू दोन दिवस जेवली नव्हतीस, म्हणून सांगते. फोर्मिगा म्हणजे मुंगी. सगळ्यांसाठी राबणारी म्हणून हे नाव पडलं, आणि सुरुवातीला तिला ते आवडतही नव्हतं.

ही मुंगी १९९५ला स्वीडनमध्ये पहिला विश्वचषक खेळली तेव्हा १७ वर्षांची होती आणि २०१९ला फ्रान्समध्ये सातवा खेळली तेव्हा ४१ वर्षांची. ऑलिंपिकमध्ये बायकांचा फुटबॉल १९९६ला अटलांटात आला, तिथपासून टोकियोपर्यंत सातही स्पर्धांत ती होती. २०१६ला निवृत्त झाली होती, २०१८ला परत बोलावलं. का बोलावलं असेल? गोल करणाऱ्या त्यांच्याकडे होत्याच की. मधली जागा रिकामी पडली होती.

आणि मिळालं काय म्हणशील, तर २००४ला अथेन्स आणि २००८ला बीजिंग, दोन्ही फायनल अमेरिकेकडून आणि दोन्ही जादा वेळेत हरली. २००७च्या विश्वचषकाच्या फायनलला जर्मनीने २-० हरवलं. मुंगी होऊन साखर खावी म्हणतात, हिने तर नुसती पोती वाहिली. पण जागा सोडली नाही. २०१५ला माँट्रियलमध्ये दक्षिण कोरियाच्या बचावफळीने मागे दिलेला एक पास ढिला पडला, आणि ३७ वर्षांची ही बाई बॉलपाशी पोचली होती. गोल! महिला विश्वचषकात गोल करणारी ती सगळ्यात वयस्कर खेळाडू ठरली. त्या वयात पाय कुठले आलेत गं? ती बॉलच्या आधी बघत होती.

तिचा ब्राझीलसाठीचा शेवटचा सामना आपल्या भारताविरुद्ध झाला, हे तुला सांगितलंय का? नोव्हेंबर २०२१, मानाउस. आपल्याकडे सकाळ होती, मी लोणच्याच्या बरणीला फोन टेकवून डबे भरत होते. पहिल्याच मिनिटाला गोल खाल्ला, पण आठव्या मिनिटाला मनीषा कल्याणने बरोबरी केली आणि पोळी तव्यावरच करपली. शेवटी ६-१ हरलो. फोर्मिगा अखेरच्या काही मिनिटांपुरती उतरली. घरातले म्हणाले, हरलात की, मग रडतेस कशाला? त्यांना काय सांगणार.

बरं, मधे राहून गोल होत नाहीत, हेही डोक्यातून काढ. जुलै २०२५ला चियांग माईत थायलंडला २-१ हरवून आपण आशियाई चषकाची पात्रता मिळवली. दोन्ही गोल कुणाचे? संगीता बासफोरचे. मिडफिल्डर आहे ती.

आता माझं ऐक. नॅशनलच्या आधी आमच्या एका निवडकर्त्याने सांगितलं, "बाई, मधल्या पोरी खंडीभर मिळतात, गोल मारणारी द्या." मी दुसऱ्या दिवशी स्ट्रायकर झाले. दोन गोल मारले, पेपरात फोटो आला, आईने तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. पुढच्या वर्षी माझ्यापेक्षा जोरात पळणाऱ्या चौघी आल्या. माझ्या जुन्या जागेवर तोवर दुसरी पोरगी पक्की झाली होती. मी परत मागितली, तर म्हणाले, तू तर फॉरवर्ड ना? दोन वर्षं बाकावर बसले आणि मग नोकरी धरली.

नोकरी धरली त्यात माझी चूक नव्हती. वडील अंथरुणाला खिळले होते, धाकटीचं शिक्षण चालू होतं. कोण काय म्हणतं ते मला माहीत आहे, की हिच्यात दम नव्हता. दम होता. आणि ती नोकरी होती म्हणूनच आज सहा पोरींचे बूट माझ्या पगारातून येतात, तुझेही... जाऊ दे, हे काढायला नको होतं. सांगायचं एवढंच, की नोकरीने मला संपवलं नाही. त्याच्या आधीच, फोटोसाठी मी मधली जागा सोडली होती.

तुझे कोच वाईट नाहीत. त्यांना शनिवारची मॅच जिंकायची आहे. एखाद्या मॅचला कुणी जखमी झाली तर खेळ विंगला, नाक मुरडू नकोस. पण कॅम्पच्या फॉर्मवर जागा लिहायची वेळ आली की मिडफिल्डच लिही. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तालीम-संघांच्या मॅचला गर्दी कुणाच्या नावाने ओरडते ते तू लहानपणापासून ऐकतेस, मला कळतं. ओरडू देत.

या आठवड्यात एक कर. फोर्मिगाची कुठलीही जुनी मॅच लाव, आवाज बंद कर, आणि दहा मिनिटं बॉलकडे बघायचंच नाही. फक्त फोर्मिगाकडे बघायचं. बॉल तिच्याकडे येईपर्यंत मान किती वेळा फिरते ते वहीत मांडून आण.

रविवारी साडेसहाला ग्राउंडवर ये. डाव्या बुटाचा तळ सुटलाय, तो चिकटवून आण. मी तुझ्या पाठीमागे उभी राहून बोटं वर करीन, किती ते बॉल पायात यायच्या आत ओरडून सांगायचं. मागच्या खेपेला दहातली चारच बरोबर आली होती.

तुझी,
ताई